कातरलेली कड

"मुलगी छान आहे. फक्त डावा डोळा जरा... असो," वामनराव चपला घालता घालता म्हणाले आणि ओटा उतरून चालू लागले. वामनराव म्हणजे माझ्या बायकोचे, आनंदीचे, लांबचे मामेभाऊ, सफाळ्याचे. लग्नं जुळवायची त्यांना भारी हौस. ओळखीतल्या एका घरासाठी आमची शालू आधी आपण बघून घ्यावी म्हणून आले होते. पोहे खाल्ले, वाडीतले चिकू पिशवीत भरून घेतले, सगळं कसं नीट झालं होतं. आणि जाताना हे. असो म्हणजे काय असो? माणसानं एक तर बोलावं, नाहीतर तोंड मिटून घरी जावं. हाक मारून विचारावं असं मनात आलं, पण तोवर ते कुंपणाच्या वळणापर्यंत गेले होते आणि ही काही ओरडून विचारायची गोष्ट नव्हे. मी आत आलो. शालू कपबश्या गोळा करत होती. पोरीला मी पाळण्यापासून बघत आलोय, पण तिचा डावा डोळा असा वेगळा काढून कधी पाहिला नव्हता. आता पाहिला, आणि तो मला उजव्यापेक्षा किंचित बारीक वाटला.

दुसऱ्या दिवशी वाटलं, बारीक नाही, कलता आहे. मग परत बारीकच. वामनरावांनी वाक्य अर्धं टाकलं होतं आणि उरलेलं मी पूर्ण करत बसलो होतो. गंमत म्हणजे डोळा हाच माझा धंदा. बोईसरला एमआयडीसीत कापड रंगवायचा एक कारखाना आहे, तिथं मी शेड बघतो. शेड बघणं म्हणजे गिऱ्हाइकानं पाठवलेला नमुना आणि आमच्याकडे रंगून आलेला तुकडा शेजारी शेजारी धरायचे आणि रंग जुळला की नाही ते सांगायचं. त्यासाठी आम्हाला उत्तरेकडच्या खिडकीची एक खोली दिलेली आहे, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. मुंबईत गिरण्यांचा संप लांबत गेला तसं आमच्याकडे कापड जास्त यायला लागलं आणि माझी किंमतही वाढली. खिडकीशी आम्ही तिघं उभे राहतो: मी, डाइंग मास्तर दिनानाथ आणि मॅनेजर. पहिला मी बोलतो. तशी पद्धतच पडून गेली आहे. मी म्हटलं लाली मारतोय, की लाली मारतोय. मी म्हटलं पिवळट झाक आहे, की मशिनवरचा माणूस उरलेला रंग कालवायला लागलाच. अशा माणसाला स्वतःच्या मुलीचा डोळा धड सांगता येऊ नये म्हणजे कमाल आहे. मला स्वतःचा राग यायचा, आणि राग ओसरला की नुसतं नवल वाटत राहायचं. आधीपासून होतं, का सांगितल्यावर झालं?

एवढंच शोधायचं म्हणून मी मागं जायला लागलो. बसमध्ये खिडकीशी बसलं की चिंचणीपासून बोईसरपर्यंत मला शालूच दिसायची. झोपाळ्यावर बसलेली, गोवरात तापलेली, पाचवीत असताना नारळाच्या झावळ्यांत लपलेली. आणि ज्या ज्या आठवणीत पाहावं त्या त्या आठवणीत तिचा डावा डोळा बारीक. गोवरात तर अगदी स्पष्ट. हे कसं शक्य आहे? तेव्हा जर दिसलं असतं तर तेव्हाच डॉक्टरकडे नेलं असतं की. एकदा भिंतीवरचा फोटो काढून ओट्यावर उजेडात नेला. पालघरच्या स्टुडिओत काढलेला, शालू दीड-दोन वर्षांची, आनंदीच्या मांडीवर. फोटोग्राफर बाजूला उभा राहून खुळखुळा वाजवत होता, त्यामुळे पोर एकीकडे बघते आहे. डावा डोळा लहान दिसतच होता. पण मान वळवलेल्या कुणाचाही एक डोळा लहानच दिसणार ना. मी फोटो तिरका धरला, लांब धरला. कापड एकदा रंगात बुडवलं की आधी ते किती पांढरं होतं हे डोळ्यापुढं आणता येत नाही, हे मला धंद्यामुळं माहीत आहे. आठवणीचंही तसंच असेल असं मात्र कधी मनात आलं नव्हतं. आनंदी मागून येऊन म्हणाली, "फोटोला वाळवी लागली का?" मी नाही म्हटलं आणि फोटो परत लावला.

आनंदीला मी काही बोललो नव्हतो. तिला सांगितलं असतं तर तिलाही दिसायला लागलं असतं, ही अक्कल मला तेवढ्यात आली होती. ती आली कुठून, तर आमच्या दारावर मासळी घेऊन येणाऱ्या जमनाकडून. जमना टोपली उतरवते तेव्हा आमच्या आळीतल्या चार बायका गोळा होतात. त्या दिवशी शेजारची नवसी नुसती वाकली आणि तिनं नाकाला पदर लावला. झालं. बाकीच्या तिघींनी पापलेट उलटंपालटं करून ठेवून दिलं. जमना संतापली. ताजं फडफडीत मावरं, पहाटेच्या होडीचं. ती माझ्याकडं वळून म्हणाली, "अण्णा, हिनं काय बोलली पण नाय, नुसता पदर लावला. आता आख्ख्या आळीला वास येल. मी दुसरीकडं जाते." आणि खरंच टोपली उचलून गेली. मला त्या माशाचा वास आला होता का? आला होता. नवसीनं पदर लावल्यावर आला होता.

तेव्हापासून मला चैन पडेना. आपल्यालाच असं होतं, का सगळ्यांना होतं, हे बघायची एक खाज सुटली. एका सकाळी शेड रूममध्ये लवकर गेलो. जांभळट रंगाचा एक जुना नमुना होता, तो मधोमध कातरला. एक तुकडा नमुन्याच्या पुठ्ठ्यावर लावला, दुसरा नव्या लॉटच्या. एकच कापड, एकच रंग, एकाच दिवशी रंगलेलं. दिनानाथ आणि मॅनेजर आले तेव्हा मी दोन्ही तुकडे खिडकीशी धरले, डोळे बारीक केले आणि म्हटलं, "लॉट जरा लाली मारतोय." पकडलो गेलो असतो तर हसं झालं असतं. मॅनेजरनं मान हलवली, "हाँ, थोडा रेड है." दिनानाथ सफाळ्याचा, रंगात हात घालून म्हातारा झालेला माणूस, त्यानं चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाला, "लालीच नाही, किंचित मळकटही आहे." मळकट! हे तर मी बोललोही नव्हतो. ते त्यानं स्वतःच्या खिशातनं घातलं. मी म्हटलं, उजेड जरा मंद आहे, दुपारी परत बघू. दुपारी तेच तुकडे, तीच खिडकी. या वेळी मी म्हटलं, आता बरोबर वाटतंय. दोघांनाही बरोबर वाटलं. दिनानाथ तर म्हणाला, सकाळी ढग होते. ढग नव्हते. मला हसू आवरेना, म्हणून पाणी प्यायला बाहेर गेलो आणि नळाशी उभा राहिल्यावर हसू गेलं. इतकी वर्षं आम्ही कापड जुळवत होतो का माझं तोंड? आणि पहिला बोलणारा मी, तर मला कोण सांगत होतं?

ते दोन तुकडे खिशात घालून घरी आणले. आनंदी पानवेलीची पानं जुडीत लावत बसली होती. तिला म्हटलं, बघ गं, डाव्या हातातला जरा लालसर आहे ना? तिनं वर पाहिलं न पाहिलं, म्हणाली, "आहे की. एवढं काय विचारता?" शालू शिकवणीची पोरं घालवून आत येत होती. हल्ली ती केस डावीकडून पुढं घ्यायला लागली होती आणि आमच्याशी बोलताना मान जराशी डावीकडं वळवून ठेवायची. मला ते दिसत होतं आणि मी त्याकडं बघायचं टाळत होतो. टाळताना माझी नजर कशी होत असेल कोण जाणे. तिलाही तेच विचारलं. डाव्या हातातला लालसर, बघ. ती तुकडे घेऊन मागच्या दाराशी गेली, उजेडात उलटसुलट केले, मग दोन्ही जमिनीवर ठेवून एकमेकांना भिडवले.

"हा एकच तुकडा आहे, अण्णा. तुम्ही कातरलाय. कड जुळते."

"आणि रंग?"

"रंग मी पाहिलाच नाही. तुम्ही आधीच सांगून टाकलात, मग पाहून काय कळणार?"

मला इतका आनंद झाला की मी तिला शेड रूमची सगळी हकीकत साग्रसंगीत सांगितली. दिनानाथचा चष्मा, मळकट, ढग, सगळं. आनंदी हसली. शालू हसली नाही. आनंदी जुड्या घेऊन बाहेर गेली तेव्हा ती म्हणाली की वामनमामा ओट्यावर काय बोलले ते तिनं आतून ऐकलं होतं. त्या दिवसापासून रोज आरशात बघते आहे. आधी काही दिसत नव्हतं, आता दिसतं. तिनं मला विचारलं, तुम्हाला दिसतं का? पोरीला थाप मारावी असं वाटलं. पण ती माझ्याकडे अशी बघत होती की थाप पकडली गेली असती. मी म्हटलं, दिसतं. आधी दिसायचं का? मी म्हटलं, आठवत नाही गं, खरंच आठवत नाही. आपण इतके दिवस तिच्या एका डोळ्याकडे चोरून बघत होतो आणि तिला ते रोज कळत होतं, याची मला भयंकर लाज वाटली. वामनरावांनी ठरवलेले पाहुणे रविवारी येणार होते. ती तिरकी मान, ते पुढं घेतलेले केस घेऊन पोर त्यांच्यासमोर बसणार, आणि माझ्या डोळ्यांनी ते सगळे तिकडंच बघणार. पुढं जन्मभर ती अशी तिरकीच उभी राहिली तर काय, या विचारानं मला जेवण गेलं नाही. शालूनं मात्र ते दोन तुकडे उचलून आपल्या पर्समध्ये ठेवले.

रविवारी पाहुणे आले. मुलगा एकनाथ, बँकेत नोकरी, शांत, पाय जवळ घेऊन बसणारा. त्याची आई चंद्रकांताबाई, भरदार आणि बोलकी. बरोबर वामनराव होतेच. मी ठरवलं होतं की शालू आली की समोरच्या कॅलेंडरकडं बघायचं. शालू आली ती केस मागं घट्ट बांधून. नमस्कार केला, सरळ बसली. चंद्रकांताबाईंनी शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला, आवड विचारली. मग शालूनं चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि अगदी सहज आवाजात म्हणाली, "एक आधीच सांगते, म्हणजे नंतर बोल नको. माझा उजवा डोळा डाव्यापेक्षा जरा बारीक आहे."

उजवा! दारात ट्रे घेऊन उभी असलेली आनंदी माझ्याकडं बघायला लागली. बाकी सगळे शालूच्या उजव्या डोळ्याकडं बघत होते. चंद्रकांताबाई पुढं वाकल्या, नीट निरखून म्हणाल्या, आहे गं, जरासा आहे, पण चालायचंच, आमच्या आत्याबाईंचाही होता. आणि वामनराव! वामनरावांनी मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, मला पहिल्याच दिवशी जाणवलं होतं, कृष्णकांतांना मी बोललोही होतो. हे ते माझ्याकडं बघून म्हणाले, साक्षीला. मी कॅलेंडर सोडून शालूकडं पाहिलं. काय सांगू, उजवा डोळा बारीक होता. माझ्या डोळ्यांदेखत तो बारीक होत गेला, आणि इतके दिवस माझी झोप उडवणारा डावा साधा, चांगला, कुणाच्याही असतो तसा झाला. सगळ्यात शेवटी एकनाथनं पाहिलं. घाई न करता पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाला, "आहे थोडा. पण माझी काही हरकत नाही." किती सभ्य मुलगा, माझ्या मनात आलं. शालूनं कप गोळा केले.

त्यांचा होकार दोन दिवसांत आला आणि शालूनं नकार दिला. आनंदी चिडली. असं स्थळ, घरचं भात, नोकरी, आणि मुलानं एवढं मोठं मन दाखवलं. मीही तेच म्हटलं, मन मोठं आहे पोराचं. शालू म्हणाली, मन मोठं आहे, खरं आहे. पण जे नव्हतं तेच त्यानं मला माफ केलं. "उद्या त्याला कुणी माझ्याबद्दल काहीही सांगितलं ना अण्णा, तरी त्याला ते दिसेल. आणि तो ते चालवून घेईल. मला चालवून घेतलेलं नकोय." मी हळूच म्हटलं, मलाही उजवाच दिसला गं. ती म्हणाली, माहीत आहे, तुम्ही बघत होतात तेव्हा मी तुमच्याकडंच बघत होते. पण तुम्हाला काय करणार, बाप बदलता येत नाही. हे ती रागानं बोलली नाही, म्हणून जास्त लागलं.

नकार सांगायचं काम माझ्यावर आलं. वामनराव ओट्यावर बसले, चिकू न घेता. कारण काय, एवढंच त्यांनी विचारलं. आणि त्या क्षणी माझ्या जिभेवर ते वाक्य आलं, आयतं, तयार: मुलगा छान आहे, फक्त जरा... असो. त्यांनी चपला घालता घालता टाकलेल्या वाक्याची, त्याच ओट्यावर, अगदी अचूक परतफेड. एवढं बोललो असतो तर सफाळ्यापासून पालघरपर्यंत एकनाथच्या प्रत्येक हालचालीत लोकांनी काहीतरी शोधून काढलं असतं. त्या बिचाऱ्यानं काय केलं होतं? मी गिळलं. म्हटलं, मुलात काही नाही, मुलीच्या मनात नाही, बस. वामनरावांचे डोळे लुकलुकले. "काही नाही कसं? तुमची नजर साधी नाही, कृष्णकांतराव. तुम्हाला काहीतरी दिसलंय." मी नाही नाही म्हणत गेलो आणि माझ्या प्रत्येक नाहीवर त्यांची खात्री वाढत गेली. मी बघतच राहिलो. नुसतं नाही म्हणूनही पोराला डाग लागत होता, आणि तो लावणारा मी, पहिला बोलणारा. त्याच घाईत माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या नजरेचं काय घेऊन बसलात? डोळे गेलेत माझे. हल्ली एकाच कापडाचे दोन रंग दिसतात मला. त्या मुलात काही असलं तरी मला दिसलं नसतं." वामनराव थांबले. माझ्या डोळ्यांत वाकून पाहिलं, आधी एका, मग दुसऱ्या, आणि कळवळून म्हणाले, अरे अरे, हो की, पांढुरकं वाटतंय खरं. एकनाथ त्यांच्या डोक्यातून गेला. हायसं वाटून मी त्यांना चिकू बांधून दिले.

दिनानाथ त्यांच्याच गावचा, तेव्हा बातमी शेड रूममध्ये माझ्याआधी पोचली यात नवल नाही. मॅनेजर मवाळ आवाजात म्हणाला, "कृष्णकांतजी, आँख तो ठीक है ना?" मी म्हटलं, एकदम ठीक. त्यानं मान डोलवली, आणि तुकडे खिडकीशी धरले गेले तेव्हा पहिला दिनानाथ बोलला. कुणी तसं ठरवलं नाही, पण तसं झालं आणि पुढंही तसंच होत राहणार हे मला कळलं. पांढरा लॉट होता. दिनानाथ म्हणाला, बरोबर आहे. मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं, तर कापडावर एक पिवळट झाक होती. मी डोळे चोळले, परत पाहिलं. होतीच. बातमी मीच पिकवली होती, खोटी आहे हे जगात सगळ्यात जास्त मला माहीत होतं, तरी होती. भीती वाटायला हवी होती, थोडी वाटलीही, पण त्याहून जास्त मला बघत राहावंसं वाटलं. ही झाक येते कुठून? डोळ्यातून, कापडातून, का मागं उभा राहून माझ्या गप्प बसण्याकडं बघणाऱ्या मॅनेजरमधून? संध्याकाळपर्यंत मी पांढरं म्हणून जे काही पाहिलं, कॅन्टीनची बशी, मॅनेजरचा सदरा, बसचं तिकीट, ते सगळं हलकंसं पिवळं होतं.

घरी आलो तर जमना दारात टोपली घेऊन बसली होती. मला बघून उठलीच, जवळ येऊन हात धरला आणि म्हणाली, "अण्णा, तुमचे डोले गेले म्हनं? पायरी हाय हां, जपून." पायरी मला दिसत होती. तरी पाय अडखळला. आत शालू पोरांच्या वह्या तपासत होती. तिनं सगळं ऐकलं होतं आणि ही आवई कुठून उठली असेल याचा तिनं अंदाजही बांधला असणार, कारण ती उठून माझ्यासमोर येऊन उभी राहिली, केस मागं, मान सरळ, अगदी समोरासमोर. बऱ्याच दिवसांनी ती अशी उभी होती.

"बघा बघू माझ्याकडं. काय दिसतं?"

मी पाहिलं. डावा पाहिला, उजवा पाहिला. कुठला बारीक होता ते शोधायला गेलो आणि मला ते नीट आठवेना. सगळ्या चेहऱ्यावर तेवढी ती हलकी झाक मात्र होती, खोटं कशाला बोलू.

"जरा पिवळी दिसतेस," मी म्हटलं.

ती माझ्याकडं बघत राहिली आणि मग हसायला लागली, पोट धरून, पाचवीत हसायची तशी. हसताना तिचे डोळे बारीक झाले. दोन्ही झाले.